पटावरची कमला

या, या. अशा पुढं सरका, खांबाशी टेकून बसलात तर डोळा लागेल. कीर्तनाच्या बुवांची गाडी जाम गावच्या चौकात अडकली आहे म्हणे. त्यांच्या पुढं ट्रक, ट्रकच्या पुढं ट्रक, आणि सगळ्यांच्या पुढं कोणाची तरी वरात. पेटीवाला आला आहे, मृदंगाला कणीक लावून झाली आहे. आता नुसतं बसून एकमेकींच्या लुगड्यांचे पदर मोजण्यापेक्षा मी एक गोष्ट सांगते. शाळेची आहे, म्हणून तोंडं वाकडी करू नका. हिच्यात मार आहे, जेवण आहे आणि डिप्टी साहेबांची फजिती आहे. गोष्ट जिची आहे ती सखूआजी ब्याण्णव वर्षांची होऊन तिथं देवाजवळ बसली आहे. मी चुकले तर ती काठी आपटेल, तेव्हा मला खोटं बोलायची सोय नाही.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं आणि वर मोठी लढाई चालू होती. आपल्या गावाला लढाई कळायची ती रॉकेलवरून आणि कागदावरून. दोन्ही मिळत नसत. शाळा होती चौथीपर्यंत, एका खोलीची. भिंतीवर बादशहाची तसबीर. तिच्यावर पाल बसायची, आणि पालीला हाकलावं तर बादशहाला खडू मारल्यासारखं होईल, म्हणून डोमाजी मास्तर तिला बसू देत.

हे डोमाजी मास्तर म्हणजे भला माणूस, पण वरच्या साहेबाला फार भिणारा. वर्षातून एकदा डिप्टी साहेब शाळा तपासायला येत. एका वर्षी त्यांनी बजावलं होतं, “मास्तर, पुढच्या खेपेला पटावर मुली दिसल्या पाहिजेत.” मास्तरांनी घरोघरी हात जोडले. लोक म्हणाले, “पोट्टी शिकून काय कलेक्टर होनार हाये काय?” शेवटी चिंधू पाटलांनी आपली लेक दिली. कमला तिचं नाव, नऊ वर्षांची. ती सतरा दिवस शाळेत आली. अठराव्या दिवशी तिला हळद लागली.

हो, कायदा होता तेव्हाही. पण कायदा नागपुराहून निघाला की जामच्या सडकेपर्यंत यायचा, आणि तिथून आपल्या गावापर्यंत गाडीवाट होती.

कमला सासरी गेली आणि चारच दिवसांनी डिप्टी साहेबांचा निरोप आला की उद्या येतो. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पटावर मुलगी एक, आणि तीही नांदायला गेलेली! नाव खोडावं तर खोडल्याचं कारण लिहा, कारण लिहावं तर ‘लग्न’ लिहा, आणि ते लिहावं तर चिंधू पाटलांना बेड्या. मास्तर अंगणात येरझारा घालत होते. तेवढ्यात समोरून डोक्यावर पळसाच्या पत्रावळींचा भारा घेऊन एक पोरगी चालली होती. पुनाजी गोंडाची सखू. आठ वर्षांची.

“ए पोरी, इकडे ये. उद्या शाळेत येऊन बसशील?”

“कायले?”

“नुसतं बसायचं. ‘कमला’ म्हटलं की ‘हजर’ म्हणायचं. गूळ देतो.”

गूळ म्हटल्यावर सखूनं भारा खालीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी सखू बसली, हजर म्हणाली, साहेब खूष झाले, गूळ मिळाला. गोष्ट इथंच संपायची. पण तिसऱ्या दिवशी सकाळी मास्तर येऊन पाहतात तो सखू पुन्हा त्याच जागी, मांडी घालून.

“अगं, साहेब गेले. आता घरी जा.”

“काल हजर म्हणाली ना मी?”

“म्हणालीस.”

“मंग आज काऊन गैरहजर राहू?”

पटावर नाव होतं, जागा रिकामी होती, आणि पुढच्या वर्षी साहेब पुन्हा येणारच होते. मास्तर म्हणाले, “बस.” ती चार वर्षं बसली.

तुम्ही कीर्तनात पाहता ना, बुवा उपरणं डोक्यावर घेतात आणि यशोदा होतात, खांद्यावर टाकतात आणि नंद होतात. माणूस तोच. तसं सखूचं झालं. शाळेच्या उंबरठ्याच्या आत पाय ठेवला की कमला, बाहेर टाकला की सखू. पोट्ट्यांनाही सवय झाली. आत “कमले, पाटी दे” म्हणायचे, आणि बाहेर “सखे, बोरं दे.” घरात ती गोंडी बोलायची, वाटेवर वऱ्हाडी आणि पुस्तकातलं मराठी फक्त बादशहाच्या तसबिरीसमोर. पहिलं वर्ष तर तिला वाटे, पुस्तकातली माणसं आजारी असावीत, म्हणून अशी बोलतात.

तिचा बाप पुनाजी जामच्या सडकेवर गिट्टी फोडायला जायचा. मास्तरांनी त्याला भीतभीत सगळं सांगितलं. पुनाजीनं बराच वेळ विचार केला आणि विचारलं, “म्हंजे शाळेत कमला, घरी सखू?”

“हो.”

“भूक एकच लागते ना दोघीले? मंग येऊ द्या.”

आणि खरी कमला? ती वर्षातून एकदोनदा माहेरी यायची आणि आली की आधी सखूला गाठायची. दोघी नाल्यावर धुणं धुवायला बसत आणि कमला विचारी, “काय व, कुठलोक आली मी?”

“तिसरीत हाये तू.”

“पाढे आले काय मले?”

“एकोनतीसाचाही येते.”

“अवो माय! लय हुशार हाओ मी.” मग जरा गंभीर होऊन, “मार खाल्ला काय?”

“दोनदा. भागाकारात.”

“माया नावानं मार नको खात जाऊ व. सासरी खातोच मी, अजून इथंबी?” असं म्हणून कमला हसायची, आणि सखूला कळायचं नाही की हसावं की नाही.

(सखूआजीनं काठी आपटली. काय गं आजी? तीनदा? बरं, तीनदा मार खाल्ला, भागाकारात दोनदा आणि एकदा पालीला खडू मारला म्हणून. घ्या, दुरुस्त केलं.)

अशी चौथी आली. चौथीची परीक्षा डिप्टी साहेब स्वतः घेत आणि पास झालेल्याला सहीशिक्क्याचा दाखला देत. मास्तरांनी सखूला बसवून सांगितलं, “हे बघ, परीक्षा दिली नाहीस तर चार वर्षं आलीस तरी न आल्यासारखीच. कागद हाती नाही तर कोणी मानत नाही. पण साहेबांना जर कळलं, तू कोण ते, तर दाखला नाही, कमलाचं नाव खोडलं जाईल, आणि माझी नोकरी जाईल. तेव्हा जेवढं विचारतील तेवढंच बोल. जास्त शहाणपणा नको.”

सखूनं मान हलवली. पण तिला दाखला हवा होता. इतका हवा होता की त्या आठवड्यात ती झोपेतही हजर म्हणायची. पुनाजी म्हणे, “अवो, रात्री तरी सुट्टी घे.”

शिमगा नुकताच झाला होता. कमला माहेरी आली होती, तेरा वर्षांची. नऊवारी, डोक्यावर पदर. डिप्टी साहेब आले की त्यांचं जेवण चिंधू पाटलांकडे असायचं, ही गावाची रीत. पाटलांच्या घरी सकाळपासून पुरणाचा वास, आणि शाळेत सकाळपासून घामाचा.

साहेब बैलांच्या दमणीतून उतरले. डोक्यावर टोपी, हातात छडी, तोंडात पान. चौथीत मुलं पाच आणि मुलगी एक. लेखन झालं, गणित झालं. सखूचा भागाकार पहिला सुटला. वाचन झालं. साहेबांनी मान डोलावली. मास्तरांनी कपाळ पुसलं. उरले तोंडी प्रश्न.

त्या तोंडी प्रश्नांची उत्तरं आठवडाभर घोकून घेतलेली होती. आगगाडी कोणी दिली? सरकारनं. टपाल कोणी दिलं? सरकारनं. दवाखाना? सरकारनं. पाचही पोरं टाळ वाजावेत तशी एका ठेक्यात सरकारनं, सरकारनं म्हणून मोकळी झाली. साहेब सखूकडे वळले.

“सांग बाळ, जामची ही एवढी मोठी सडक कोणी बांधली?”

आणि सखू, मास्तरांनी एवढं बजावलेली सखू, सरळ म्हणाली, “माया बानं.”

मास्तरांचा हात हवेत राहिला.

“काय म्हणालीस?”

“माया बानं, साहेब. गिट्टी त्यानंच फोडली. अजून फोडून राह्यला. मी रोज त्याची भाकर नेतो.”

आता ऐका, ही काही तिनं हिंमत केली नव्हती, की सरकारला टोला मारला नव्हता. तिला विचारलं ते तिला ठाऊक होतं, म्हणून तिनं सांगितलं. खरं बोलायची सवय वाईट, ऐन वेळी तोंडात येते.

साहेब रागावले नाहीत. उलट हसले. पण हसता हसता त्यांची नजर पटावर गेली, आणि हसू तिथंच थांबलं.

“कमला, वडिलांचं नाव चिंधू. शेती, बावन्न एकर.” त्यांनी चष्मा वर केला. “मास्तर, चिंधू पाटील गिट्टी फोडायला जातात?”

मास्तर खिशात रुमाल शोधू लागले. सखूला कळलं की आपण काय करून बसलो. ती बाकीचं काही पाहीना, फक्त साहेबांच्या समोरच्या त्या कोऱ्या दाखल्यांकडे पाहत राहिली. सहा होते. आता पाचच लागणार.

एवढ्यात दारात कोणी उभं राहिलं. खरी कमला. जेवायला बोलवायला आली होती.

“साहेब, पानं वाढली. बाबा वाट पाहून राह्यले.”

“कोणाचे बाबा?” साहेबांनी विचारलं. आवाज असा की पालसुद्धा तसबिरीमागं गेली.

कमलानं आत पाहिलं. मास्तरांचा पांढरा चेहरा पाहिला, उघडा पट पाहिला, सखूचं तोंड पाहिलं. ती एक अक्षर शिकलेली नव्हती, पण एवढं वाचायला अक्षर लागत नाही. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, मंगळसूत्र चोळीत सरकवलं, हात लांब केला आणि सखूकडे बोट दाखवलं.

“हिचे. हे कमला. पाटलाची पोरगी.”

“आणि तू?”

“मी सखू. पुनाजीची. यायच्या घरी कामाले असतो.”

“मग ही म्हणते तिचा बाप गिट्टी फोडतो?”

“तो माया बा, साहेब. लहानपनापासून संगच खेळलो आम्ही. मी बा म्हनतो तं हेबी बा म्हनते. पाटील लय खेकसते तिच्यावर, पन सवय काई जात नाई.”

साहेबांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. एक काळीसावळी, पाटीवर रेघोट्या ओढून बोटं पांढरी झालेली. दुसरी गोरीगोमटी, गळ्यात चांगली बोरमाळ. कामाची पोरगी आणि बोरमाळ! पण साहेबांना भूकही लागली असावी, आणि पुरणाचा वास शाळेपर्यंत आला होता. तपास करायचा तर जेवण थंड होणार.

“सखू,” ते कमलाला म्हणाले, “तू गं का येत नाहीस शाळेत?”

कमला म्हणाली, “माह्यं नाव नाई ना साहेब पटावर.”

मास्तरांनी मान खाली घातली ती घातलीच.

“मास्तर, हिचंही नाव घ्या,” साहेब उठत म्हणाले. “आणि कमला, तू चल माझ्याबरोबर. तुझ्या वडिलांना सांगतो, काय लेक आहे ते.”

झालं! ज्याला आपण संकट टळलं म्हणतो ते बहुधा फक्त जागा बदलतं. सखूला आता पाटलांच्या घरी पाटलांची लेक म्हणून जायचं होतं. पत्रावळी घेऊन ती त्या घरी शंभरदा गेली होती. पत्रावळ आत जाई, सखू ओट्याखाली थांबे. आनंदाबाई, म्हणजे पाटलीणबाई, वरून हात न लावता दाणे टाकत. आज ती साहेबांच्या मागून ओसरी चढली आणि पुढं कमला, खरी लेक, धावत माजघरात गेली. तिनं आईच्या कानात काय सांगितलं देव जाणे. आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

“पाटील, तुमच्या कमलानं शाळेत नाव काढलं,” साहेब पाटावर बसत म्हणाले. “सगळ्यांत पहिली.”

चिंधू पाटलांनी सखूकडे पाहिलं. मग दारात उभ्या असलेल्या आपल्या लेकीकडे. कमलाच्या हातात तुपाची वाटी होती, आणि ती बापाकडे अशी पाहत होती की, बोला, नाही तर ही वाटी डोक्यावर ओतते. पाटलांना चार वर्षांपूर्वीची हळद आठवली, कायदा आठवला. ते खाकरले.

“हो... हुशारच हाये. लहानपनापासून.”

“मग तिला बसवा ना पानावर. माझ्या शेजारी.”

आणि आनंदाबाईंनी, ज्यांनी दाणे वरून टाकले होते, त्यांनी सखूसाठी पाट मांडला. पत्रावळ सखूनंच टाचलेली होती. तिनं काडी ओळखली. पुरणपोळी वाढायला कमला आली, मोलकरणीसारखी, पाटलाच्या घरात, पाटलाची पोर. वाकून हळूच म्हणाली, “खा व कमले, लाजू नको. आपलंच घर हाये.” आणि अशी तुपाची धार सोडली की पत्रावळीच्या टाक्यांतून तूप जमिनीवर आलं. सखूआजी म्हणते, एवढी पुरणपोळी पुढं कधी खाल्ली नाही, आणि एवढं अवघड जेवणही कधी जेवली नाही.

जेवण झाल्यावर साहेबांनी ओसरीवर बसून दाखले लिहिले. सहा. पान लावलं, दमणीत बसले आणि गेले. मास्तर दमणी दिसेनाशी होईपर्यंत हात जोडून उभे होते. मग तिथंच मटकन बसले आणि म्हणाले, “पाणी.”

चिंधू पाटील ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. पण कमला पुढं येऊन म्हणाली, “बाबा, मी चौथी पास झाली. पेढे नाई वाटत?” पाटील आत निघून गेले. पेढे काही वाटले नाहीत, पण ओरडलेही नाहीत.

दोघी नाल्याकडे गेल्या. सखूनं दाखला उघडला. कमला त्याच्याकडे पाहत राहिली, उलटसुलट करून.

“माह्यं नाव कुठं हाये?”

सखूनं बोट ठेवलं. “हे क. हे म. हे ला.”

“एवढंसंच?”

“एवढंच.”

कमलानं वाळूत बोटानं काढलं. क चुकला, पुसला. पुन्हा काढला. ‘ला’चा काना कलंडला. उन्हं उतरेपर्यंत ती काढत बसली. मग तिनं दाखला सखूच्या हातात परत दिला.

“तू ठेव. सासरी नेला तं सासू चूल पेटवते त्यानं.”

“पन नाव तुयं हाये.”

“नाव माह्यं, अक्कल तुयी. घरी ठेवाची जागा तुयी. माया जवळ नुसतं नाव राहू दे.”

त्या साली पाचवी कुठं शिकायची? तालुक्याला. तेवढं सखूच्या नशिबात नव्हतं. तिचंही लग्न झालं, जवळच्याच वस्तीत. पण ती वाचत राहिली. गावात पत्र आलं की सखूकडे जायचं. श्रावणात पोथी लागली की सखूनं वाचायची. ओट्याखाली थांबणारी सखू आज देवाजवळच्या जागी बसली आहे ते बघताच आहात तुम्ही. बुवासुद्धा ओवी म्हणताना तिच्याकडे पाहून म्हणतात, चुकली तर ती मान हलवते म्हणून.

कमला पुष्कळ जगली. सासरी पाच पोरं, दहा नातवंडं. सहकारी सोसायटीत, रेशनच्या दुकानात, मतदानाला, जिथं बायका अंगठा लावत तिथं ती म्हणायची, “मी चौथी पास हाओ,” आणि तीन अक्षरं काढायची. ‘ला’चा काना शेवटपर्यंत कलंडलेलाच होता. घरात कोणी विश्वास ठेवत नसे. नातवंडं विचारत, “आजी, चौथी पास तं बाकीचं वाच ना.” ती म्हणायची, “बाकीचं मायी मैत्रीण वाचते.”

अकरा वर्षं झाली तिला जाऊन.

यंदा शाळेला शंभर वर्षं झाली. नावांचा नवा फलक लागला, संगमरवराचा. त्यावर गावातून चौथी पास झालेली पहिली मुलगी म्हणून जुन्या पटावरून नाव काढलं: कमला चिंधू पाटील. सखूआजीचा नातू दुर्गेश संतापला. म्हणे, “आजी, हे खोटं हाये. आपन अर्ज करू. नाव बदलून घेऊ. दाखला हाये ना आपल्याजवळ.”

आजीनं त्याला जवळ बसवलं. म्हणाली, “अर्ज करशीन तं काय लिहिशीन? कमला शिकली नाई असं? अरे, मी शिकली हे मले ठाऊक हाये, गावाले ठाऊक हाये. रोज पोथी वाचतो मी. तिचं काय राह्यलं? ते तीन अक्षरं. तेबी पुसतं का?”

फलक तसाच आहे.

तेव्हा पोरींनो, उद्या सकाळी त्या शाळेवरून जाल, कामाला जाल, सावंगीला कॉलेजला जाल, एसटी चुकत असेल तरी क्षणभर थांबा. त्या फलकावर सगळ्यांत वरचं नाव वाचा. तिला वाचता येत नव्हतं. तुम्हाला येतं. वाचा, आणि कमलाची आठवण काढा.